वाटणीचा शिरीष

पावसानं त्या साली नुसतं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. त्याच्या जागी वारा आला आणि मुक्कामालाच राहिला. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर धुळीची पट्टी दिसायची. झाडून आत वळेपर्यंत दुसरी तयार. गल्लीतल्या माणसांचे डोळे कायम लाल, ओठ फुटलेले, आणि बोलणं तोंडावर फडकं धरून. अशा दिवसांतही थोरलीच्या अंगणात चादरी पांढऱ्याशुभ्र वाळायच्या, कारण तिच्या दोऱ्या शिरीषाच्या आडोशाला बांधलेल्या होत्या.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. लॉजच्या आणि दवाखान्याच्या चादरी ती अंगणातल्या दगडावर धुवायची. नवरा, म्हणजे थोरला, पुढच्या खोलीत उभा राहून त्यांना इस्त्री करायचा. माणूस कष्टाळू, पण भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठणारा. धाकटा भाऊ नेमका उलटा. तो पाण्याचा टँकर चालवायचा, आणि गावाला पाणी आपणच देतो, वरचा तो फक्त सही करतो, अशा तोऱ्यात वावरायचा.

सासरे गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं. मधल्या खोलीत भिंत उभी राहिली, अंगणातही कमरेइतकी भिंत सरकत सरकत शिरीषापाशी आली आणि अडली. शिरीष एकाच बुंध्यातून दोन खोडांनी वर गेलेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. भिंत पाडता येते, झाड सरकवता येत नाही. मग इकडचं खोड थोरल्याचं, तिकडचं धाकट्याचं, असं ठरलं आणि पलीकडून भिंत पुन्हा सुरू झाली. मुळांचं कुणी काही विचारलं नाही.

टँकरची चाकं रुततात म्हणून धाकट्यानं आपलं सगळं अंगण सिमेंटनं बंद केलं, अगदी झाडाच्या सालीला चिकटून. थोरलीनं तेव्हाच तोंड उघडलं होतं.

"भावजी, हातभर तरी जागा सोडा. पाणी कुठून जाईल त्याच्या पोटात?"

"वहिनी, त्याला काय नळजोडणी देऊ?" असं म्हणून तो हसला, आणि गवंडीही हसला. थोरला इस्त्रीतले निखारे फुंकत राहिला.

या साली शिरीषाचा रंग उतरला. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. शेंड्याच्या काड्या वाळल्या आणि वाऱ्यानं तुटून चादरींवर पडायला लागल्या. जुन्या शेंगा दिवसभर खडखडायच्या, आणि तो आवाज ऐकून थोरलीचं डोकं उठायचं. सगळा राग त्या सिमेंटवर. ती धुणं आपटायची तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

आपल्या बाजूनं मात्र ती काही कमी करत नव्हती. प्यायला पाणी नाही अशा दिवसांत ती झाडाला रोज पाजत होती. धुणं संपलं की पिंपातलं पाणी बादलीनं उपसायचं, वाकून वाकून बुंध्याशी ओतायचं. कंबर धरायची, खांदा भरून यायचा, पण एक बादलीसुद्धा तिनं गटारात जाऊ दिली नाही. हे झाड उभं आहे ते माझ्या पाण्यावर, असं तिला वाटायचं. आणि त्याचा तिला अभिमान होता.

एका दुपारी धाकटा टँकर घेऊन आला. टँकरचा मागचा कॉक गळका. पाण्याची धार सिमेंटवर पडत होती आणि उतारानं सरळ गटारात जात होती. झाड दोन पावलांवर तहानलेलं उभं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"भावजी, ते वाहणारं पाणी निदान झाडाकडे वळवा हो. आम्ही नळावर हंड्यासाठी भांडतो, आणि तुम्ही गटाराला पाजताय."

"उतार तिकडं दिलाय, वहिनी. आता काय अंगण उचलून तिरकं धरू?" धाकटा केबिनमधून उतरला आणि वर बोट दाखवलं. "पाण्याचं राहू द्या. ही फांदी बघा, गाडीच्या झाकणाला घासते. मालक रोज शिव्या घालतो. तसंही झाड मेल्यातच जमा आहे. माझ्या वाटणीचं खोड मी काढून टाकणार."

"आणि माझ्या दोऱ्या? उघड्या वाऱ्यावर चादरी वाळत घालू? एक तरी चादर लॉजवाला घेईल का?"

"तुमचं खोड तुमच्याकडे आहे की. मी कुठं त्याला हात लावतोय?"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात आला होता, हातात अर्धी घडी घातलेली चादर.

"बघू, बोलू," तो म्हणाला. "भाऊ आहे, ऐकेल."

दोन दिवसांनी धाकट्यानं उंच्याला आणलं. उंच्या म्हणजे गावातला फांद्या छाटणारा. माणूस जेमतेम थोरलीच्या खांद्याला लागेल एवढा, पण सगळा जन्म झाडांवर काढलेला, म्हणून हे नाव. तोंडाचा फटकळ, आणि कामाच्या आधी चहा मागणारा. दोर कमरेला बांधून तो वर गेला, इकडे-तिकडे फिरला, नखानं साली खरवडल्या, कोयत्याच्या मुठीनं खोड ठोकून पाहिलं, आणि खाली उतरून कपडे झटकले.

"मेलेलं नाही. आतून हिरवं आहे," तो म्हणाला. "वाळक्या काड्या काढतो, घासणारी फांदी आखूड करतो. खोड काढायचं असेल तर दोन्ही काढा. दोघं एकमेकांच्या आधारानं वारा झेलतात. एक काढलं तर दुसरं पहिल्या मोठ्या वावटळीला दादाच्या पत्र्यावर आडवं होईल."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. "मग हे असं वाळतंय कशानं, ते सांगा ना. त्या सिमेंटनं ना?"

उंच्या भिंतीच्या तिच्या बाजूला उकिडवा बसला. बुंध्याजवळची माती त्यानं बोटानं उकरली. वर पांढरी पापडी धरली होती, खाली माती घट्ट, चिकट आणि काळपट.

"इथं काय ओतता?"

"पाणी. रोज ओतते, एक दिवस चुकवलेला नाही."

"कसलं पाणी?"

"धुण्याचं." हे बोलतानाच तिचा आवाज बारीक झाला.

"सोडा घालता? ब्लिचिंग?"

"दवाखान्याच्या चादरी आहेत. घालावंच लागतं."

उंच्यानं हात पायजम्याला पुसले. "मग बरोबर. माती मारलीत तुम्ही. सोड्यानं ती थापली गेली, आता चांगलं पाणी घातलं तरी आत जायचं नाही. पानांच्या कडा त्यानंच भाजल्यात."

मग पलीकडून धाकटा खदखदून हसला, मांडीवर थाप मारून. "घ्या! आणि वर्षभर सिमेंटच्या नावानं शंख! अहो वहिनी, विष तुम्ही घालत होतात की!"

"तू दात काढू नकोस," उंच्या त्याच्यावर डाफरला. "तिकडं तू त्याचं नाक-तोंड बंद केलंयस. यांनी इकडून मारलं, तू तिकडून."

पण गल्लीनं पहिलं तेवढं ऐकलं. दुसरं ऐकायला कुणी थांबलं नाही.

थोरली त्या रात्री जेवली नाही. बादल्या वाहून तिनं कंबर मोडून घेतली होती, ती कशासाठी? जे पाजलं त्यानंच त्याची पानं भाजली. लाज तर वाटतच होती, पण लाजेच्या खाली संताप होता. तिनं केलं ते न कळून केलं. धाकट्याला तर ती रोज सांगत होती. मग हसायचा हक्क त्यालाच कसा?

सकाळी ती थोरल्याला घेऊन भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. "भावजी, माझं चुकलं. माझ्या बाजूची माती मी साफ करते. तुमच्या बाजूचं सिमेंट तुम्ही फोडा. सगळं नको, झाडाच्या सावलीपुरतं."

धाकटा दात घासत होता. थुंकून म्हणाला, "आधी तुमचं पाप निस्तरा. मग माझं बघू."

"शब्द देताय?"

"दिला की. दादासमोर दिला."

धाकटी, त्याची बायको, दारात उभी होती. तिनं जावेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग थोरलीनं खुरपं घेतलं. उंच्यानं बजावलं होतं, वरची पापडी तेवढी काढायची, खोल जायचं नाही, मुळाला धार लागली की संपलं. गुडघे टेकून, पदर तोंडाला बांधून ती पापडी खरवडायची. वाऱ्यानं ती पांढरी भुकटी उलट तोंडावर यायची आणि डोळे झोंबायचे. भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकाला, पार गटाराच्या पलीकडे नेऊन टाकायचं. धुण्याचं पाणी आता अंगणात सांडून चालणार नव्हतं. तेही बादली बादली करून तिकडेच. म्हणजे पूर्वी पाणी चार पावलं जायचं, आता सगळी गल्ली ओलांडून. थोरला पहाटे उठून निम्म्या बादल्या टाकून यायचा आणि मग इस्त्री पेटवायचा.

चांगलं पाणी आणायचं नळावरून. रांगेत बायका तिच्या जास्तीच्या हंड्याकडे बघायच्या.

"हा कुणासाठी? झाडाला?" शेजारीण विचारायची. "आधी मारायचं आणि मग पाणी पाजायचं!"

सगळ्या हसायच्या. थोरलीला हंडा तिथंच आपटावासा वाटायचा. पण नंबर जाईल म्हणून ती गप्प राहायची, आणि हंडा काखेत घेऊन घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायची. एकापेक्षा एक झणझणीत उत्तरं, आणि ऐकायला कुणी नाही.

पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, हेही तिला नव्यानंच कळलं. फांद्यांचं टोक जिथवर पोचतं तिथं खाली गोल आळं केलं आणि त्यात थेंब थेंब जिरेल असं सोडलं. वाऱ्यानं ओल उडू नये म्हणून शिरीषाचीच पडलेली पानं आणि शेंगा त्यावर पसरल्या, त्या उडू नयेत म्हणून वर जुनं गोणपाट, आणि गोणपाटावर दगड. आळ्याचा गोल भिंतीपर्यंत येऊन तुटायचा. तिथून पुढे सिमेंट.

एकदा दुपारी, गल्ली सामसूम असताना, भिंतीवरून हलकेच हाक आली. धाकटी डबा घेऊन उभी होती, काठोकाठ भरलेला.

"ताई, घ्या पटकन. टँकरमधलं आहे. हे झोपलेत."

"तुला बोलतील."

"बोलू देत. या झाडाखालीच माझी पोरं रांगली."

पानगळ झाली तशी खालच्या एका फांदीला, थोरलीच्या बाजूला, कोवळी पोपटी पालवी दिसली. बोटाएवढीच. पण तिनं नवऱ्याला इस्त्रीवरून ओढून आणलं आणि दाखवली. एक चादर जळता जळता वाचली. त्याच दिवशी तिनं धाकट्याला गाठलं.

"भावजी, माझं झालं. आता तुमचं."

"काय माझं?"

"सिमेंट. शब्द दिला होता."

"अहो, मी बघतो म्हणालो होतो. बघितलं. मजबूत आहे." त्यानं टाच सिमेंटवर आपटून दाखवली. "पाऊस पडू दे, मग बोलू."

तिनं घरात येऊन नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही बोला आता. तुमच्यासमोर दिलेला शब्द आहे." थोरल्यानं इस्त्री उभी ठेवली, घाम पुसला. "बोलतो. वेळ बघून बोलतो. भाऊ आहे, एकदम तोडून कसं बोलू?"

वेळ त्याला सापडली नाही. धाकट्याला मात्र सापडली.

त्या दिवशी थोरली लॉजवर गठ्ठा पोचवायला गेली होती. परत निघाली तर वाऱ्यानं जोर धरलेला. पाठीवर मळक्या चादरींचं गाठोडं, ते वारा धरून तिला मागं ओढत होतं. गल्लीच्या तोंडाशी आली आणि करवतीचा आवाज कानावर पडला. ती तशीच धावत आपल्या अंगणात शिरली.

धाकट्याच्या फाटकात फांद्यांचा ढीग पडला होता. खालच्या लहान फांद्या आधी उतरवलेल्या, पानासकट. मागं टँकर, पाण्यानं भरलेला, त्या ढिगामागे अडकून पडलेला. वर, धाकट्याच्या खोडावर, उंच्या करवत घेऊन बसलेला. मोठी फांदी बुडातून कापून झाली होती आणि दोरावर लोंबत होती, टँकरच्या केबिनवर, वाऱ्यानं हलत. दोर वरच्या बेचक्यातून खाली आलेला, अलीकडच्या खोडाला दोन वेढे घेतलेला, आणि त्याचं टोक तिच्या नवऱ्याच्या हातात.

तिच्या पाठीवरचं गाठोडं खाली पडलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही धरलाय दोर?"

थोरल्याचे डोळे धुळीनं भरले होते. "दोर धरायला माणूस नव्हता. भाऊ म्हणाला, नुसता धर. नाही कसं म्हणू?"

"एवढे दिवस पहाटे बादल्या कशाला टाकत होतात मग? व्यायाम म्हणून?"

तो मान वळवून खांद्याला डोळे पुसू लागला.

"काय, उंच्याभाऊ!" तिनं वर पाहून हाक मारली. "तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही खोडं एकमेकांच्या आधारानं उभी आहेत?"

"मला एवढी फांदी काढ म्हणून आणलं," उंच्या वरून ओरडला. "वर आल्यावर म्हणतो खोडही काढ. आणि गाडी बाहेर काढ म्हटलं तर ऐकलं नाही, दोर आहे ना म्हणाला. आता ही आधी खाली घ्या बाबांनो, वारा वाढतोय!"

धाकटा भिंतीपलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता. "वहिनी, मध्ये पडू नका. माझी वाटणी आहे."

थोरलीनं पदर खोचला. नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. "द्या इकडे."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दिला. दोर ताठ होता, राठ, तळव्यात रुतणारा. दोन वेढ्यांमुळे वजन पेलण्यासारखं होतं, पण फांदी हलली की खांदे उखडल्यासारखे वाटत. तिनं पाय बुंध्याला टेकवला.

"भावजी, पहार आणा."

"कशाला?"

"सिमेंट फोडायला. तुम्ही फोडेपर्यंत ही फांदी इथंच राहील."

धाकट्यानं हसून पाहिलं. मग वर पाहिलं, मग केबिनकडे, आणि हसू विरलं. "वहिनी, गाडी मालकाची आहे!"

"मग लवकर आणा."

तो फाटकाकडे धावला आणि ढिगातल्या फांद्या ओढायला लागला. थोरलीनं दोर वीतभर सैल सोडला. फांदी दचकून खाली आली, तिच्या काड्या केबिनच्या टपावर करकरल्या. गल्लीतल्या बायका भिंतीशी गोळा झाल्या होत्या. हसायला आलेल्या त्यांच्यातलं कुणीच हसलं नाही.

"आधी पहार," ती म्हणाली.

"दादा! सांग ना हिला! वेडबिड लागलंय का?"

थोरला भिंतीच्या कोपऱ्यात गेला. तिथं टेकवून ठेवलेली आपली पहार त्यानं उचलली आणि भिंतीवरून भावापुढे धरली. "शब्द माझ्यासमोर दिला होतास," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"अरे काय ते ठरवा!" उंच्या वरून खेकसला. "मी इथं वाळत घातलेला नाही!"

धाकट्यानं पहार घेतली. पहिला घाव उथळ बसला, ठिणगी उडाली. दुसरा, तिसरा. घरात पोरांना आत कोंडून धाकटी दारात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याला थांबवलं नाही आणि त्याला पाणीही विचारलं नाही. मग एक चीर गेली, बुंध्यापासून टँकरच्या चाकापर्यंत. पहार चिरेत घालून धाकट्यानं जोर लावला तसा सिमेंटचा एक मोठा तुकडा उलटला.

"माझा सोडा होता," थोरली दोर धरून बोलत होती, दम लागत होता तरी बोलत होती. "मी गुडघ्यावर बसून खरवडला. सगळ्या गल्लीची बोलणी खाल्ली. तुम्ही तर गल्लीला गोळा करून हसलात. चूक कळल्यावर मी झोपले नाही, भावजी. तुम्ही टाच आपटून दाखवलीत."

धाकट्यानं दुसरा तुकडा उलटवला, तिसरा उलटवला, आणि पहार पुन्हा उचलली ती तशीच वर राहिली. सिमेंटखाली मुळं होती. मनगटाएवढी जाड, वाट न मिळाल्यानं चपटी होऊन सिमेंटच्या पोटाला चिकटून गेलेली, एकामागून एक, थेट त्याच्या उंबऱ्यापर्यंत. काहींची साल तुकड्याबरोबर निघून आली होती आणि आतला ओला पिवळा गाभा दिसत होता. गल्लीतल्या कुणाच्या तरी तोंडून चक् असा आवाज निघाला.

"थांबू नका," थोरली म्हणाली. तिच्या तळव्यांचे लाल डाग दोरावर उमटले होते. "पण आता पहार ठेवा. हातांनी काढा."

धाकट्यानं इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. मग त्यानं पहार बाजूला टाकली आणि गुडघे टेकले.